एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश

सहावीच्या कुठल्याही वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहावे आणि सगळ्यांना एकाच वेळी पाट्या वर करायला सांगावे. शाळा लातूरची असो, किनवटची असो की पाटोद्याची, काही पाट्यांवर २/५ हमखास दिसते. वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. हे उत्तर निष्काळजीपणातून येत नाही. ते लिहिणाऱ्या मुलाला १/२ ही एक संख्या आहे असे दिसतच नाही. त्याला रेघेच्या वर एक आणि खाली दोन अशा सुट्या संख्या दिसतात, आणि सुट्या संख्यांची बेरीज तो बरोबरच करतो. निम्म्यात आणखी काही घातले तरी उत्तर निम्म्याहून कमी आले, हे त्याला खटकत नाही. कारण २/५ निम्म्याहून कमी आहे हेही त्याला ठाऊक नसते.

दोन वर्षांनी हेच मूल क्ष/२ + क्ष/३ = १० घेऊन बसते आणि तिथे अडते. मग सगळे म्हणतात, बीजगणित कच्चे आहे. बीजगणित कच्चे नसते, सहावी कच्ची असते. मराठवाड्याला लातूर पॅटर्नचा, म्हणजे परीक्षेसाठी नेमाने कसून सराव करून घेण्याच्या पद्धतीचा, अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या पॅटर्नची सगळी मेहनत, सगळा पैसा आणि सगळे वेळापत्रक अकरावी-बारावीभोवती फिरते. तोवर ज्यांचे गणित सुटायचे त्यांचे सुटलेले असते; शिकवणी उरलेल्यांनाच मिळते. तोच नेम, तोच सराव, चुकांचा तोच बारीक हिशेब सहावीच्या गणिताच्या तासाला मिळाला पाहिजे.

आज सहावीला कुणी वाली नाही. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत. शिष्यवृत्ती परीक्षा कधी चौथी-सातवीला होती, कधी पाचवी-आठवीला आली. सहावीच्या वाट्याला ती आली नाही. राज्याने २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षेची अट आणली ती पाचवी आणि आठवीला. अकरा-बारा वर्षांची मुले पहिल्यांदा ऋण संख्या, समीकरण, शेकडेवारी आणि सरळव्याज एकाच वर्षात भेटतात, आणि नेमके तेच वर्ष कुणी मोजत नाही. आणखी एक परीक्षा लावा, असे इथे म्हणायचे नाही. या वर्षातला वेळ कशावर खर्च करायचा हे ठरवायला हवे, आणि ते ठरवताना काही गोष्टी सोडायची तयारीही हवी.

शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास सांगतो, पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो, आणि विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक असलाच पाहिजे असेही सांगतो. गावात भाषेचे शिक्षकच गणिताचा तास उरकत असतील, तर त्यांना दोष देऊन काही होत नाही. ती जागा भरा, ही मागणी ग्रामसभेने आणि शाळा व्यवस्थापन समितीने लेखी करायची आहे. पण जागा भरली तरी पुढचा प्रश्न राहतोच.

शाळा जूनमध्ये उघडली की पहिल्या आठवड्यात पहिले प्रकरण सुरू होते. ते होऊ नये. पहिले सहा आठवडे पाचवीपर्यंतचे गणित चालावे, आणि त्याआधी वीस उदाहरणांची एक चाचणी घ्यावी. गुण देण्यासाठी नव्हे, कोण कुठे अडतो ते पाहण्यासाठी. त्यात ६०४ − २३८ असावे: मधल्या शून्यातून हातचा घ्यायचा असतो तिथे मुले लहानातून मोठा अंक जात नाही म्हणून मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात, आणि उत्तर ४३४ येते. ६१२ ÷ ६ असावे: उत्तर १०२ ऐवजी १२ आले तर भागाकारात शून्य लिहिण्याची जागा हुकली आहे. ८ + ४ = □ + ५ असावे: चौकटीत १२ लिहिणारा मुलगा बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा घेतो आहे, 'दोन्हीकडे वजन सारखे' असा नाही. त्याला समीकरणाचे प्रकरण शिकवणे म्हणजे वाळूत खांब रोवणे. आधी महिनाभर तराजूची दोन पारडी काढून अशीच उदाहरणे हवीत. आणि संख्यावाचन असावे. मराठीत आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणऐंशी ऐकून ८९ लिहिणारी मुले सहावीतही सापडतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या गदारोळात टिंगल फार झाली. मूळ अडचण मात्र खरी होती आणि ती आजही तशीच आहे.

आता अपूर्णांक. यावर पूर्ण दोन महिने द्यावेत. सगळीकडे भाकरीच्या चित्राने सुरुवात होते, कारण चतकोर भाकरी घराघरात माहीत आहे. अर्ध्यासाठी आणि चतकोरासाठी भाकरी उत्तम. पण गोलाचे तीन किंवा पाच सारखे भाग हाताने काढणे मोठ्यांनाही जमत नाही; मुले उभ्या रेघा मारून तीन भाग करतात, मधला भाग मोठा होतो आणि 'समान भाग' हाच मुद्दा निसटतो. त्याऐवजी कागदाची पट्टी घ्यावी. ३० सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद. तिचा १/२ म्हणजे १५ सेमी, १/३ म्हणजे १० सेमी. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की २५ सेमी झाले. ३० पैकी २५, म्हणजे ५/६. आता २/५ मोजा: १२ सेमी. एकट्या निम्म्याहूनही आखूड. जे मूल २/५ लिहीत होते त्याच्या हातात त्याचीच चूक येते, आणि ती त्याला कुणी सांगावी लागत नाही. निमा, तिहाई, चतकोर, आठवा भाग यांसाठी २४ सेमीची पट्टी सोयीची: १२, ८, ६, ३. एकासाठी २४ आणि दुसऱ्यासाठी ३० का घेतली, हे मुलांनाच विचारावे. लसाविची, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याची, गरज तिथेच दिसते.

पट्टीनेही चुका होतात. काही मुले मोजपट्टी शून्याऐवजी १ च्या खुणेपासून लावतात आणि प्रत्येक तुकडा सेंटीमीटरने आखूड निघतो. काही मुले मापण्याऐवजी घडी घालतात. निम्म्याची घडी बसते, तिहाईची बसत नाही. काही २४ च्या पट्टीचा अर्धा आणि ३० च्या पट्टीचा तिसरा भाग एकत्र ठेवतात. ही शेवटची चूक झाली तर थांबून तिच्यावरच एक अख्खा तास घालवावा, कारण 'कशाचा अर्धा?' हा प्रश्न पुढे शेकडेवारीपर्यंत सोबत येतो. आठ-दहा दिवसांनी पट्ट्या दप्तरात जाव्यात, मग वहीत नुसती रेघ, मग फक्त अंक. साधन हातात फार दिवस राहिले की मूल त्याच्याच आधाराने चालू लागते.

मराठीकडे अपूर्णांकांचा जो ठेवा आहे तो वर्गात क्वचितच उघडला जातो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. पूर्वी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढेही पाठ असत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा हिशेब संपला आणि हे पाढेही हळूहळू मागे पडले. शब्द मात्र बाजारात, एसटी स्टँडवर, घड्याळात जिवंत आहेत. ३ १/४ − १ ३/४ हे उदाहरण सहावीतल्या बऱ्याच मुलांचे चुकते. ती ३ मधून १ आणि ३/४ मधून १/४ काढून २ २/४ लिहितात. तीच, ६०४ − २३८ मधली चूक, नवे कपडे घालून आलेली. त्याच मुलाला विचारा, सव्वातीन लीटर रॉकेलमधून पावणेदोन काढले तर? काही जण तोंडीच दीड म्हणतील. नाही म्हणाले तर शब्दातच वाट आहे: पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. दोन्हीकडे पाव पाव वाढवा. साडेतीनमधून दोन गेले, उरले दीड. दोन्ही संख्यांत सारखेच मिळवले तर फरक बदलत नाही, हा नियम असा एका वाक्यात हाती लागतो. पावकी आणि दिडकी वीसपर्यंत तोंडपाठ करून घ्यावी, आणि वीसपर्यंतचे पाढेही. पाठांतर आणि समज यांचे भांडण लावणाऱ्यांशी इथे स्पष्ट मतभेद आहे: बारा आठे किती यावर अडणारे मूल छेद सारखे करताना मूळ विचार विसरून जाते.

दशांश अपूर्णांकांत ०.५ आणि ०.२५ मध्ये मोठा कोण, असे विचारले की २५ मोठे म्हणून ०.२५ हे उत्तर येते. याला आपले वाचन जबाबदार आहे. 'शून्य पॉइंट पंचवीस' न म्हणता 'शून्य पॉइंट दोन पाच' म्हणावे, किंवा 'पंचवीस शतांश'. रुपये-पैशांचे उदाहरण सगळे देतात, पण पैसे नेहमी दोन अंकांत लिहिले जातात, त्यामुळे मुलांना टिंबाच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र संख्या वाटू लागतात. क्रिकेटने ही गैरसमजूत आणखी पक्की होते: ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार. ते टिंब दशांशाचे नाहीच, आणि हे वर्गात उघड सांगायला हवे. याउलट सातबारा हे फार चांगले साधन आहे. हेक्टर आणि आर. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ हेक्टर ५ आर हे १.०५ असे लिहायचे, ज्याने १.५ लिहिले त्याने ४५ आर जास्तीचे दाखवले, म्हणजे एक एकराहून अधिक जमीन. एका शून्याची किंमत शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा स्वच्छ कुठे कळणार?

ऋण संख्यांसाठी पुस्तके शून्याखालचे तापमान देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उणे अंश मुलांनी पाहिलेले नसतात. चिंचोके घ्यावेत. फोडले की एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरी. पांढरी म्हणजे धन, तपकिरी म्हणजे ऋण. एक पांढरी आणि एक तपकिरी मिळून शून्य. (−८) − (−३): आठ तपकिरी मांडा, तीन उचला, उरले −५. (+२) − (−३) इथे गंमत आहे: दोन पांढऱ्या मांडल्या, उचलायला तपकिरी नाहीतच. मग तीन शून्य-जोड्या टाका, किंमत बदलत नाही. आता तीन तपकिरी उचला, पाच पांढऱ्या राहिल्या. हे हाताने पंधरा-वीस वेळा होण्याआधी 'उणे उणे अधिक' हे घोषवाक्य वर्गात येऊ देऊ नये. ते लवकर आले की −५ − ३ चे उत्तर +८ येते, आणि ती चूक दहावीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

लसावि-मसाविचा गोंधळ भाषेचाच आहे. 'लघुतम' म्हणतो आणि उत्तर दिलेल्या संख्यांएवढे किंवा त्याहून मोठे येते. 'महत्तम' म्हणतो आणि उत्तर लहान येते. विभाज्य आणि विभाजक हे शब्दही कानाला जवळजवळ सारखे. एका बस स्थानकातून सकाळी आठला दोन गाड्या सोबत सुटतात, एक दर २० मिनिटांनी, दुसरी दर २५ मिनिटांनी. पुन्हा सोबत कधी? १०० मिनिटांनी, नऊ चाळीसला. ठिबकच्या ४८ आणि ६० मीटरच्या नळ्यांचे, काही वाया न जाता, जास्तीत जास्त लांबीचे सारखे तुकडे? १२ मीटर. ही दोन उदाहरणे एकाच पानावर, शीर्षकाशिवाय द्यावीत. इथेच सरावाचा मुख्य दोष दिसतो. सरावसंचावर 'लसावि' लिहिलेले असते आणि खाली पंधरा उदाहरणे लसाविचीच असतात. मुलाला काय करायचे ते ठरवावेच लागत नाही, फक्त करायचे असते. परीक्षेत आणि व्यवहारात शीर्षक नसते.

म्हणून रोजचा सराव मिसळलेला हवा. पंधरा मिनिटे, दहा उदाहरणे: चार आजच्या घटकाची, तीन मागच्या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीची, एक पाचवीचे. एकाच पद्धतीची तीस उदाहरणे घरी देणे बंद करावे. मुले ती एकमेकांच्या किंवा गाइडमधून उतरवतात आणि वही मात्र भरलेली दिसते. तपासणीतही बरोबर-चूक खुणांनी काही साधत नाही. चाळीस वह्या असतील तर चुकांच्या जातीनुसार तीन गठ्ठे करावेत: पद्धतच चुकली, पाढा चुकला, उदाहरण वाचताना चुकले. दुसऱ्या दिवशी तीन गठ्ठ्यांना तीन वेगळी कामे. आणि 'समजलं का?' हा प्रश्न वर्गातून हद्दपार व्हावा. त्याला 'हो सर' हेच उत्तर मिळते. पाट्या एकदम वर गेल्या की खरे उत्तर पाच सेकंदांत दिसते.

अंदाज ही सवय वेगळी लावावी लागते. सोयाबीन ५,३२८ रुपये क्विंटल, माल ८.४ क्विंटल. गुणाकाराआधी वहीत लिहायचे: पाच हजारांहून थोडा जास्त भाव, आठांहून थोडा जास्त माल, म्हणजे चाळीस हजारांच्या थोडे वर. मग ४४,७५५.२० हे उत्तर पटते आणि टिंब सरकून आलेले ४,४७,५५२ लगेच पकडले जाते. मोठ्या संख्यांसाठी २०१६ ची पाण्याची रेल्वे आहे. मिरजेहून लातूरला पन्नास वाघिणी, प्रत्येकी पन्नास हजार लीटर. एका खेपेत किती? पंचवीस लाख. पाच लाख माणसे धरली तर माणशी पाच लीटर. आज सहावीत असलेल्या मुलांना तो उन्हाळा आठवणे शक्य नाही; हा भागाकार त्यांच्या वहीत असायला हवा.

आणि व्याज. पुस्तकात द.सा.द.शे. असते, दर साल दर शेकडा. गावात 'शेकडा तीन' म्हणतात ते दर महिन्याचे. वीस हजारांवर महिन्याला ६००, वर्षाला ७,२००, म्हणजे द.सा.द.शे. ३६. बँकेने १२ ने दिले तर २,४००. दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय सरळव्याजाचे प्रकरण मराठवाड्यात पूर्ण झाले असे समजू नये.

सेमी इंग्रजीबद्दलही बोलले पाहिजे. पालकांची ओढ समजते. पण पाचवीपर्यंत अंश-छेद म्हणणाऱ्या मुलाला सहावीत, अपूर्णांक सर्वांत अवघड होतात त्याच क्षणी, न्यूमरेटर-डिनॉमिनेटर देणे म्हणजे दोन ओझी एकदम देणे. सेमी द्यायचेच असेल तर ते पहिलीपासून द्यावे, नाहीतर सहावीतले स्पष्टीकरण मराठीत ठेवून फक्त संज्ञांची जोडी शिकवावी.

अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार, हा आक्षेप येणारच आणि तो खोटा नाही. भूमितीतल्या मूलभूत संज्ञा, सममिती, त्रिमितीय आकार ही प्रकरणे आठवड्याला एका तासात वर्षभर पसरवता येतात. शेकडेवारी, नफा-तोटा आणि गुणोत्तर हे अपूर्णांकांचेच उपयोग आहेत, पाया पक्का असेल तर निम्म्या वेळात होतात. पाया कच्चा ठेवून सगळी प्रकरणे 'झाली' अशी नोंद करण्यात कुणाचेच भले नाही.

सर्वांत कठीण प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा. बीड, जालना, धाराशिव, परभणीतल्या कुटुंबांचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. २०१६ च्या पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने चालले तर समीकरणे, गुणोत्तर, शेकडेवारी, व्याज हे सगळे त्यांच्या गैरहजेरीत होते. ज्या घरात उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते त्या घरातल्या मुलाचे व्याजाचेच प्रकरण सुटते. मूल गावातच राहावे यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर, म्हणजे गाड्या हलण्याआधी सुरू व्हावे, दिवाळीनंतर नव्हे. तरीही जी मुले जातात, त्या शाळांनी क्रम बदलावा: सहा आठवड्यांची उजळणी, मग अपूर्णांक आणि दशांश, आणि निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत शेकडेवारी व सरळव्याजाची ओळख. समीकरणे आणि भूमिती नंतर ठेवता येतात.

निघताना मुलाच्या दप्तरात शंभर पानी एक वही द्यावी: प्रत्येक पानावर रोजची पाच उदाहरणे, त्यात दोन जुन्या घटकांची, आणि उत्तरे शेवटच्या पानांवर. सोबत ३० आणि २४ सेंटीमीटरच्या पट्ट्या आणि वीस चिंचोके. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, दिवा किती वेळ असेल सांगता येत नाही, म्हणून पाचच. परत आल्यावर चाचणी घेऊ नये. त्या वहीत शेवटचे सोडवलेले पान कोणते ते पाहावे, आणि त्याच्या पुढच्या पानापासून शिकवायला बसावे.